शेतातील चित्रणाचे संकलन व रंगसुधार : पानाचा खरा रंग पडद्यावर कसा टिकवावा?



शेतीची माहिती प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून घेण्याची सवय आपल्याला जुनी आहे. दूरदर्शनवर 'कृषिदर्शन' कार्यक्रम २६ जानेवारी १९६७ रोजी सुरू झाला. त्या काळी शेताचे चित्रण करणे, त्यातील निरुपयोगी भाग काढून टाकणे आणि रंग नीट करणे ही कामे केंद्रावरची तज्ज्ञ मंडळी करीत. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. रोगट पान दाखवून सल्ला मागणे, प्रात्यक्षिकाची चित्रफीत गटाला दाखवणे, फळांचा माल दूरच्या व्यापाऱ्याला दाखवणे ही कामे शेतकरी स्वतःच करू लागला आहे.

मात्र चित्रण करणे सोपे झाले असले तरी त्यातील रंग खरे असतीलच असे नाही. पिकाच्या बाबतीत रंग ही केवळ शोभेची गोष्ट नाही. पान कोठे पिवळे पडले आहे, शिरा हिरव्या आहेत की नाहीत, कडा करपल्या आहेत की तांबूस झाल्या आहेत यावरून तज्ज्ञ निदान करतो. पडद्यावर रंग चुकला तर निदान चुकते आणि फवारणीचा खर्च वाया जातो. म्हणून चित्रफितीचे संकलन आणि रंगसुधार हे काम शेतकऱ्याने समजून घेणे गरजेचे आहे. या लेखात ते टप्प्याटप्प्याने दिले आहे.

कच्चे चित्रण म्हणजे काय?

कॅमेऱ्यातून जसेच्या तसे बाहेर आलेले, काटछाट न केलेले चित्रण म्हणजे कच्चे चित्रण. त्याचे तीन प्रकार ढोबळमानाने लक्षात ठेवावेत.

१) साधे चित्रण : फोन स्वतःच रंग ठरवतो, उजेड ठरवतो, चित्र थोडे चकचकीत करतो आणि फाइल दाबून लहान करून साठवतो. बहुतेकांचे चित्रण याच प्रकारचे असते.

२) लॉग चित्रण : काही कॅमेरे व महागडे फोन फिकट, करड्या दिसणाऱ्या स्वरूपात चित्रण करतात. यात उजळ व गडद भागांतील तपशील अधिक टिकतो, पण रंगसुधार केल्याशिवाय ते पाहण्यायोग्य होत नाही.

३) रॉ चित्रण : यात कॅमेऱ्याच्या संवेदकाने टिपलेली माहिती जवळपास तशीच साठवली जाते. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढऱ्या रंगाचा समतोल नंतर संगणकावर ठरवता येतो. फाइल मात्र फार मोठी होते.

आपल्या कामासाठी पहिला प्रकार पुरेसा आहे. फक्त त्याच्या मर्यादा माहीत असाव्यात.

कॅमेरा रंग कसा टिपतो?

संवेदकाच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एका रंगाची गाळणी असते. प्रचलित रचनेत निम्मे ठिपके हिरव्याचे, पाव लाल व पाव निळ्याचे असतात. माणसाच्या डोळ्याला हिरव्या भागातील बारकावे अधिक कळतात म्हणून ही विभागणी केलेली आहे. उरलेले रंग आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरले जातात.

साध्या चित्रणात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. तिन्ही मिळून सुमारे १ कोटी ६७ लाख छटा होतात. आकडा मोठा वाटला तरी रंग फार ओढले की आकाशासारख्या सपाट भागात पट्टे दिसू लागतात. शिवाय फाइल लहान करताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवली जाते, पण रंगाची माहिती साधारणपणे चार ठिपके मिळून एकच ठेवली जाते. याचा शेतीच्या दृष्टीने अर्थ असा की तांबेऱ्याचे बारीक ठिपके लांबून टिपले असतील तर त्यांचा रंग फाइलमध्ये पुरेसा उतरतच नाही. नंतर कितीही रंगसुधार केला तरी तो परत येत नाही. लहान लक्षण नेहमी जवळून टिपावे.

त्याचप्रमाणे ऊन पडलेले पान जर पांढरेफटक झाले असेल तर तेथील माहिती संपलेली असते. संगणकावर ते गडद केले तर हिरवे होत नाही, करडे होते. म्हणून चित्रण थोडे गडद चालेल, पण जळालेले नको.

शेतावर चित्रण करताना घ्यावयाची काळजी

रंगसुधाराचे निम्मे काम शेतातच होते. पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) भातात नत्राची गरज ठरवण्यासाठी पानाच्या रंगाचा तक्ता वापरणाऱ्यांना ठाऊक आहे की पान उन्हात धरून रंग जुळवायचा नसतो, आपल्या अंगाची सावली पानावर पाडून तो पाहायचा असतो. चित्रणालाही हाच नियम लावावा. लक्षणाचे जवळचे चित्रण सावलीत किंवा ढगाळ उजेडात घ्यावे. भर दुपारचे डोक्यावरचे ऊन टाळावे.

२) सूर्यास्ताच्या वेळी चित्र सुंदर दिसते, पण उजेड पिवळा-तांबूस असतो. निदानासाठीचे चित्रण त्या वेळी करू नये.

३) छायाचित्रणाच्या दुकानात १८ टक्के करडे कार्ड मिळते. ते पानाशेजारी त्याच उजेडात धरून पाच सेकंद चित्रण करावे आणि मग पुढचे चित्रण करावे. कार्ड नसल्यास पांढरा कागद चालतो, परंतु चकचकीत पांढरा दिसावा म्हणून कागदात घातलेल्या द्रव्यामुळे तो उन्हात किंचित निळसर झाक देतो, हे लक्षात असू द्यावे.

४) हिरव्या शेडनेटखाली उजेडच हिरवट झालेला असतो. तेथे कार्ड शेडनेटच्या आतच धरावे. बाहेर धरलेल्या कार्डाचा आत उपयोग नाही.

५) फोनमध्ये प्रो किंवा मॅन्युअल व्हिडिओचा पर्याय असल्यास व्हाइट बॅलन्स स्थिर करावा. स्वच्छ दिवसाच्या उजेडासाठी सुमारे ५५०० केल्व्हिन ही नोंद चालते. स्वयंचलित पर्यायावर ठेवल्यास कॅमेरा मातीकडून पानाकडे वळताच रंग बदलतो आणि एकाच क्लिपमध्ये पान दोन रंगांचे दिसते.

६) सौंदर्यवर्धक फिल्टर, 'व्हिव्हिड' रंग आणि एचडीआर व्हिडिओ हे पर्याय बंद ठेवावेत.

७) प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरावे. आधी पूर्ण शेत, मग एक झाड, मग पानाची वरची व खालची बाजू असा क्रम ठेवावा. जुनी पाने व शेंड्याची नवीन पाने दोन्ही टिपावीत.

८) दुसऱ्याच्या शेतात किंवा काम करणाऱ्या मजुरांचे चित्रण करण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी.

साठवण व नोंद

एका सेकंदाला ५० मेगाबिट वेगाने केलेल्या चित्रणास मिनिटाला ३७५ मेगाबाइट जागा लागते. दहा मिनिटांना पावणेचार गिगाबाइट. म्हणून साठवणीची सोय आधी करावी.

फाइली फोनमधून संगणकावर तारेने घ्याव्यात. संदेशाच्या ॲपमधून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आणखी दाबली जाते आणि रंगाचा तपशील जातो. तारेने शक्य नसल्यास 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

प्रत्येक पिकासाठी एक फोल्डर करावे. त्याच्या नावात तारीख, पीक व गट क्रमांक लिहावा. मूळ फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. बियाण्याची पिशवी व पावती जशी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवतो, तशी मूळ फाइल जपावी.

संगणक व सॉफ्टवेअर

संकलनासाठी अनेक सॉफ्टवेअर मिळतात. रंगाच्या कामासाठी 'डाविंची रिझॉल्व्ह' हे ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीचे सॉफ्टवेअर विशेष उपयुक्त आहे. मुळात ही चित्रपटांच्या रंगकामाची यंत्रणा. २००९ साली ब्लॅकमॅजिकने ती कंपनी विकत घेतली. आज त्याची मोफत आवृत्ती विंडोज, मॅक व लिनक्सवर चालते आणि आपल्या गरजेला ती पुरेशी आहे. संगणकात १६ गिगाबाइट मेमरी व वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास काम सुरळीत होते. संगणक अडखळत असेल तर 'प्रॉक्सी' म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती तयार करून घ्याव्यात. शेवटची चित्रफीत मूळ फाइलींवरूनच तयार होते.

एक महत्त्वाची गोष्ट : हे सॉफ्टवेअर मूळ फाइलीला हात लावत नाही. कोठे कापायचे व कोणता रंग द्यायचा याची फक्त नोंद प्रकल्पात राहते. त्यामुळे न घाबरता प्रयोग करता येतात. पण मूळ फाइल दुसऱ्या जागी हलवली तर सॉफ्टवेअरला ती सापडत नाही व 'मीडिया ऑफलाइन' असा संदेश दिसतो. म्हणून फोल्डर ठरल्यावर जागा बदलू नये.

काम सुरू करण्यापूर्वी संगणकाची 'नाइट लाइट' किंवा डोळ्यांचे रक्षण करणारी पिवळी व्यवस्था बंद करावी. ती चालू राहिल्यास पडदाच पिवळा दिसतो आणि आपण नकळत चित्र निळे करून बसतो. पडद्यावर ऊन येणार नाही अशी जागा निवडावी.

संकलनाचे टप्पे

१) प्रकल्प सुरू करताना फ्रेमचा वेग ठरवावा. फोनवर ३० फ्रेमने चित्रण केले असेल तर प्रकल्पही ३० चाच ठेवावा. क्लिप टाकल्यानंतर हा वेग बदलता येत नाही.

२) 'मीडिया' पानावर फोल्डर उघडून क्लिप आत घ्याव्यात. सर्व क्लिप एकदा शेवटपर्यंत पाहाव्यात व कामाच्या क्लिपची वहीत यादी करावी. हा वेळ वाया जात नाही.

३) 'एडिट' पानावर क्लिप उघडून जेथून भाग हवा तेथे 'आय' व जेथे संपवायचा तेथे 'ओ' कळ दाबावी. निवडलेला भाग टाइमलाइनवर ओढावा.

४) टाइमलाइनवर मध्येच कापायचे असल्यास 'कंट्रोल' व 'बी' या कळा एकत्र दाबाव्यात. नको असलेला तुकडा निवडून 'डिलीट' दाबल्यास तुकडा जातो व पुढचा भाग मागे सरकून पोकळी भरतो. 'बॅकस्पेस' दाबल्यास पोकळी तशीच राहते.

५) क्रम सोपा ठेवावा : समस्या, लक्षण, कारण, उपाय, परिणाम. पाच मिनिटांपेक्षा लांब चित्रफीत क्वचितच शेवटपर्यंत पाहिली जाते.

६) वाऱ्याचा आवाज येत असेल तर त्या जागी निवेदन वेगळे, घरात बसून ध्वनिमुद्रित करावे व चित्राखाली जोडावे.

कापताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. औषधाचे प्रमाण सांगणारे वाक्य मध्ये कधीही कापू नये. 'प्रति लिटर' आणि 'प्रति १० लिटर' यांतील एक शब्द कापला गेला तर मात्रा दहापट बदलते. त्याचप्रमाणे काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी हे वाक्य लांबी कमी करण्यासाठी गाळू नये. मात्रा बोलण्यात आली तर ती अक्षरांतही पडद्यावर द्यावी आणि वाचून होईपर्यंत ठेवावी.

रंगसुधार व रंगसंस्कार यांतील फरक

हे दोन शब्द वेगळे समजून घ्यावेत. चित्र डोळ्यांना दिसले तसे करणे म्हणजे रंगसुधार. चित्राला मुद्दाम एखादी छटा देणे, उदाहरणार्थ उबदार, थंड किंवा जुनाट दाखवणे, म्हणजे रंगसंस्कार. पहिला माहितीसाठी आवश्यक आहे. दुसरा सजावटीसाठी आहे. निदानाच्या चित्रफितीत फक्त पहिला चालतो.

रंगसुधाराचे टप्पे

हे काम 'कलर' पानावर करावे.

१) मोजमापाचे आलेख उघडावेत. डोळा फसतो. पिवळ्या बल्बखाली थोडा वेळ बसलो की कागद पुन्हा पांढराच वाटू लागतो, कारण मेंदू स्वतःच समतोल साधतो. आलेख फसत नाही. 'परेड' नावाच्या आलेखात लाल, हिरवा व निळा हे तीन रंग शेजारी-शेजारी दिसतात. त्याचे मोजमाप ० पासून १०२३ पर्यंत असते. तळाला काळा, वर पांढरा.

२) पहिला नोड हा रंगसुधाराचा. नोड म्हणजे प्रक्रियेचा एक टप्पा. करडे कार्ड असलेल्या फ्रेमवर थांबावे. व्हाइट बॅलन्सची पिचकारी घेऊन कार्डावर टिचकी मारावी. त्यानंतर परेडमध्ये कार्डाचा लाल, हिरवा व निळा पट्टा एकाच उंचीवर आला का ते पाहावे. करड्या वस्तूत तिन्ही रंग सारखे असतात, हा या साऱ्या कामाचा पाया आहे.

३) थोडा फरक राहिला तर 'टेम्प' व 'टिंट' हे दोन आकडे हळूहळू बदलावेत. टेम्पने चित्र निळ्याकडून पिवळ्याकडे सरकते. टिंटने हिरव्याकडून किरमिजीकडे सरकते. शेडनेटखालील चित्रणात किरमिजीकडे सरकवावे लागते.

४) उजेड बसवावा. 'लिफ्ट' चाकाने गडद भाग, 'गॅमा'ने मधला भाग आणि 'गेन'ने उजळ भाग प्रामुख्याने हलतो. सर्वांत गडद सावली आलेखाच्या तळाजवळ, पण तळाला चिकटलेली नको. सर्वांत उजळ भाग वरच्या रेषेखाली राहावा. १८ टक्के करडे कार्ड साधारणपणे निम्म्याच्या थोडे खाली येते.

५) 'सॅच्युरेशन' म्हणजे रंगाचा गडदपणा. त्याचा मूळ आकडा ५० असतो. निदानाच्या चित्रफितीत तो ५० वरच ठेवावा. वाढवला की फिकट पानही हिरवेगार दिसते आणि नत्राची कमतरता झाकली जाते.

६) हाच रंगसुधार त्याच उजेडातील इतर क्लिपना लावावा. क्लिप निवडलेली ठेवून, ज्या क्लिपचा रंगसुधार हवा तिच्या छोट्या चित्रावर माउसचे मधले बटण दाबल्यास तो उचलला जातो. उजेड बदलला असेल तर नव्या कार्डावरून नव्याने करावे.

७) 'शिफ्ट' व 'डी' कळा दाबून मूळ व सुधारलेले चित्र आळीपाळीने पाहावे. दहा मिनिटांनी उठून बाहेर हिरवळीकडे पाहावे, मग परत येऊन तपासावे.

निदानासाठी पुढे कोणताही नोड जोडू नये.

एक उदाहरण : सोयाबीनची पिवळी पाने

समजा, चुनखडीयुक्त जमिनीतील सोयाबीन पंचवीस-तीस दिवसांचे असताना पिवळे पडले. कारणे तीन असू शकतात.

नत्राची कमतरता असल्यास जुनी, खालची पाने आधी व सर्वत्र सारखी पिवळी पडतात, कारण नत्र झाडात जुन्या पानांकडून नव्या पानांकडे वाहून जाते. लोहाची कमतरता असल्यास शेंड्याची नवीन पाने पिवळी पडतात व शिरा मात्र हिरव्या राहतात, कारण लोह झाडात सहज हलत नाही. चुन्याच्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. पिवळा मोझॅक हा विषाणुजन्य रोग असल्यास पानावर पिवळे व हिरवे वेडेवाकडे चट्टे मिसळलेले दिसतात आणि तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो.

तिन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात नत्राचा विचार, दुसऱ्यात फेरस सल्फेटची फवारणी, तिसऱ्यात रोगट झाडे उपटून नष्ट करणे व पांढऱ्या माशीचा बंदोबस्त. लोहाच्या कमतरतेवर युरिया टाकला तर पैसा जातो आणि पीक पिवळेच राहते. मोझॅक समजून कीटकनाशक फवारले तरी तेच.

आता संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात, स्वयंचलित व्हाइट बॅलन्सवर घेतलेले चित्रण पाहा. सगळेच पान पिवळसर दिसते आणि हिरव्या शिरा पिवळ्यात बुडून जातात. पाहणाऱ्याला ही नत्राची कमतरता वाटू शकते. उलट फोनने रंग चकचकीत केले असतील तर शिरांच्या मधला फिकट भाग हिरवा दिसतो आणि रोगच नाही असे वाटते. कार्डावरून समतोल साधला की शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा असा फरक पुन्हा उघड होतो. त्याच क्लिपमध्ये शेंड्याची व खालची पाने दोन्ही असली तर तज्ज्ञाला निर्णय घेणे सोपे जाते.

हा फरक फक्त पहिल्या नोडने, म्हणजे खऱ्या रंगसुधाराने दिसला पाहिजे. शिरा अधिक हिरव्या दिसाव्यात म्हणून केवळ हिरवा रंग निवडून वाढवू नये. तसे केल्यास जे लक्षण पानावर नाही तेही पडद्यावर तयार होते.

चित्रफीत चांगली असली तरी ती माती परीक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

प्रात्यक्षिकाच्या चित्रफितीतील पथ्ये

खत दिलेला वाफा व न दिलेला वाफा यांची तुलना दाखवताना दोन्हींना एकच रंगसुधार लावावा. खत दिलेल्या वाफ्याचा हिरवा रंग थोडा वाढवणे आणि दुसऱ्याचा फिकट ठेवणे संगणकावर अर्ध्या मिनिटाचे काम आहे. परंतु ती चित्रफीत पाहून शेजारचा शेतकरी खर्च करणार असतो. म्हणून दोन्ही वाफ्यांचे चित्रण एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच उंचीवरून घ्यावे. शक्य असल्यास एकाच चौकटीत दोन्ही वाफे यावेत. मध्ये कार्ड दाखवावे. म्हणजे पाहणाऱ्यालाही खात्री पटते.

हाच विचार ग्राहक म्हणून करावा. एखाद्या खताची वा संजीवकाची जाहिरात पाहताना 'आधी'च्या चित्रात माती कोणत्या रंगाची आहे व 'नंतर'च्या चित्रात कोणती, हे पाहावे. मातीचा ओलावा सारखा असूनही काळी माती एकीकडे निळसर आणि दुसरीकडे तांबूस दिसत असेल तर पानाच्या रंगातील फरकही पूर्ण खरा मानू नये.

विक्रीच्या मालाची चित्रफीत

भगवा जातीच्या डाळिंबाला किंवा द्राक्षाला रंगावर भाव मिळतो. त्यामुळे चित्रात लाली वाढवण्याचा मोह होतो. पण माल पोहोचल्यावर रंग कमी दिसला तर व्यापारी भाव पाडतो किंवा गाडी परत करतो, आणि पुढच्या वेळी आपल्या चित्रफितीवर विश्वास ठेवत नाही. मालाचे चित्रण सावलीत, करड्या किंवा पांढऱ्या पार्श्वभूमीवर करावे. लाल, निळ्या क्रेटचा रंग फळावर पडतो, म्हणून फळे क्रेटबाहेर काढून दाखवावीत. डाग असलेली दोन फळेही दाखवावीत.

रंगसंस्कार कोठे चालतो? गावच्या यात्रेची, कृषी पर्यटन केंद्राची किंवा बचत गटाच्या ओळखीची चित्रफीत करताना अवश्य चालतो. त्यासाठी दुसरा नोड 'ऑल्ट' व 'एस' कळांनी जोडावा आणि सारी सजावट तेथेच करावी. पहिला नोड तसाच राहिल्यामुळे हवे तेव्हा खऱ्या रंगावर परत येता येते.

नेहमीच्या अडचणी व उपाय

अडचण : एका क्लिपमध्ये अर्धे पान उन्हात, अर्धे सावलीत.
उपाय : एकच सुधार दोन्हींना लागू पडत नाही. शक्य असल्यास सावलीत पुन्हा चित्रण करावे.

अडचण : दिव्याखालच्या चित्रणात उजेड लुकलुकतो.
उपाय : आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे. दिव्याखाली २५ फ्रेम व १/५० सेकंद शटर ठेवावे.

अडचण : फोनचे चित्रण संगणकावर फार उजळ वा फिके दिसते.
उपाय : ते बहुधा एचडीआर असते. पुढच्या वेळी फोनमध्ये तो पर्याय बंद करावा.

अडचण : कार्ड धरायचे राहिले.
उपाय : चौकटीतील करडी वस्तू शोधावी, उदाहरणार्थ सिमेंटचा खांब किंवा तारेचा ॲल्युमिनियम रंगाचा खांब. हा अंदाजच राहतो. तज्ज्ञाला पाठवताना तसे कळवावे.

चित्रफीत तयार करून पाठवणे

'डिलिव्हर' पानावर एमपी४ स्वरूप व एच.२६४ निवडावे. फोनवर पाहण्यासाठी १९२० गुणिले १०८० हा आकार पुरेसा आहे. तयार झालेली चित्रफीत संगणकावर व दोन वेगळ्या फोनवर पाहावी. तज्ज्ञाला पाठवताना सुधारलेल्या चित्रफितीबरोबर मूळ न सुधारलेली क्लिपही द्यावी आणि पुढील माहिती लिहावी : पीक व जात, पेरणीची तारीख, चित्रणाची तारीख व वेळ, जमिनीचा प्रकार, दिलेली खते, केलेल्या फवारण्या, पाणी कधी दिले, आणि शेतात किती भागात लक्षण दिसते.

सारांश

१) लक्षण जवळून, सावलीत व करड्या कार्डासह टिपावे.
२) मूळ फाइल जपून ठेवावी.
३) मात्रेचे वाक्य कापू नये.
४) डोळ्यावर नव्हे, आलेखावर विसंबून रंगसुधार करावा.
५) निदान, प्रात्यक्षिक व विक्री यांत रंगसंस्कार करू नये.
६) तुलनेच्या दोन्ही वाफ्यांना एकच रंगसुधार लावावा.

येत्या हंगामात एक करडे कार्ड विकत घ्या आणि आपल्या पिकाची दर पंधरवड्याला एकाच जागेवरून एक मिनिटाची क्लिप घेऊन ठेवा. हंगामाच्या शेवटी त्या क्लिप एकामागून एक लावून, एकाच पद्धतीने रंगसुधार करून पाहा. पीक केव्हा फिके पडले, खतानंतर किती दिवसांत सावरले आणि पाण्याचा ताण कधी बसला याची आपल्या शेताची स्वतःची नोंदवही तयार होईल. पुढच्या वर्षीच्या खत व पाणी नियोजनाला तिचा निश्चितच उपयोग होईल.